मदेइराला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मदेइराला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा दोघंच, दुसऱ्यांदा भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन. तेव्हापासून ओळखीतलं कोणी तिकडे निघालं की मला फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

मदेइरा आहे तरी कुठे?

पोर्तुगालचं बेट, पण पोर्तुगालपासून चांगलंच लांब. लिस्बनच्या नैर्ऋत्येला जवळजवळ हजार किलोमीटर, भर अटलांटिकमध्ये. त्या मानाने मोरोक्कोचा किनारा जवळ पडतो. १९७६ पासून स्वायत्त प्रदेश आहे, चलन युरो. लांबी सुमारे ५७ किलोमीटर, रुंदी २२, म्हणजे क्षेत्रफळाने मुंबईहून थोडं मोठं. वस्ती मात्र अडीच लाखांच्या आसपास. त्यातली बरीच राजधानी फुंशालमध्ये.

हे आकडे वाचून लोक म्हणतात, "एवढंसं बेट, तीन दिवसांत होईल की!" तिथेच फसायला होतं. या बेटावर पिको रुइव्हो नावाचं शिखर आहे, उंची १,८६२ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. आणि हे शिखर समुद्रापासून जेमतेम दहाएक किलोमीटर आत. म्हणजे सगळं बेट हे एकच उभं चढण आहे, मध्ये दऱ्या. नियोजन करताना किलोमीटर मोजू नका, उंची बघा.

व्हिसा कुठला लागतो?

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. मदेइरासाठी वेगळं काही नाही, पोर्तुगालचाच व्हिसा चालतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा हवा. सहलीत दुसरेही देश असतील तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. मदेइराला सहा रात्री आणि पॅरिसला दोन, तर पोर्तुगाल.

इंग्लंडात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्टवाल्या आपल्या मंडळींना ब्रिटनचा व्हिसा इथे उपयोगाचा नाही, हे दरवर्षी कोणाला तरी ऐनवेळी कळतं.

विमान कसं? तिथलं उतरणं फार धोक्याचं आहे म्हणतात.

भारतातून थेट विमान नाही. लिस्बनला किंवा युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या विमानतळावर बदलायचं. लिस्बनहून पुढे पावणेदोन तास. इंग्लंडहून थेट विमानं आहेत, साधारण चार तास.

धोक्याचं म्हणण्यापेक्षा वाऱ्याचं म्हणा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि धावपट्टीला जागाच नाही. म्हणून २००० मध्ये ती समुद्राच्या बाजूला खांबांवर वाढवली. सुमारे १८० खांब, काही ७० मीटर उंच. आता लांबी २,७८१ मीटर आहे. इथे उतरायला वैमानिकांना खास प्रशिक्षण लागतं आणि वाऱ्याने मर्यादा ओलांडली की विमान उतरवतच नाहीत. मग घिरट्या, आणि तरीही जमलं नाही तर शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर किंवा थेट लिस्बनला.

आमच्या पहिल्या खेपेला हेच झालं. खिडकीतून घरांची लाल कौलं मोजता येतील इतकं खाली आलो आणि विमानाने पुन्हा नाक वर केलं. दोनदा. मागच्या रांगेतल्या आजी जपमाळ ओढत होत्या. शेवटी पोर्तो सांतोला उतरलो, चार तास बसलो आणि संध्याकाळी फुंशाल. म्हणून सांगते: परतीच्या विमानाला लागून दुसरं महागडं तिकीट काढू नका. लिस्बनला मध्ये एक रात्र ठेवा. लिस्बन काही वाईट शहर नाही.

विमानतळाला २०१७ पासून क्रिस्तियानो रोनाल्डोचं नाव आहे, तो फुंशालचाच. तिथे बसवलेला त्याचा पहिला पुतळा इतका विनोदी होता की जगभर हसं झालं. पुढच्याच वर्षी बदलला.

कधी जावं?

कधीही, हे खरं उत्तर आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही मला माहीत आहे. फुंशालला फेब्रुवारीत दुपारी १९-२० अंश, ऑगस्टमध्ये २६. थंडी अशी नाही, उकाडाही नाही. पण हे झालं किनाऱ्याचं. शिखरांवर हिवाळ्यात कधीकधी बर्फसुद्धा पडतं.

वर्षातल्या महिन्यापेक्षा बेटाची बाजू महत्त्वाची. वारे ईशान्येकडून येतात, उत्तरेच्या कड्यांना धडकून वर चढतात आणि तिथेच पाणी टाकतात. आपल्याकडे पावसाळी ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे माण-खटाव कोरडं राहतं, तेच इथे छोट्या अंतरात. उत्तरेला सांताना ओलंचिंब, तर दक्षिणेला फुंशालमध्ये ऊन. जूनमध्ये मात्र फुंशालवरही ढगांचं झाकण बसतं. तिथले लोक त्याला शिरस्त्राण म्हणतात.

मला स्वतःला एप्रिल-मे आवडतो. मेमध्ये फुलांचा उत्सव असतो, जॅकरंडा फुललेला असतो. ३१ डिसेंबरची आतषबाजी प्रसिद्ध आहे: फुंशालचा सगळा डोंगर म्हणजे प्रेक्षागृह. पण त्या आठवड्याची खोली हवी असेल तर फार आधीपासून बघा आणि खिसा मोकळा ठेवा.

किती दिवस?

सात रात्री. पाचमध्येही बसवता येईल, पण मग एक दिवस ढगात गेला की रडू येतं. मुख्य म्हणजे दिवस आधीच ठरवून टाकू नका. डोंगराचा दिवस, उत्तरेचा दिवस, फुंशालचा दिवस अशा चिठ्ठ्या तयार ठेवा आणि रोज सकाळी हवा बघून एक उचला. पिको दो अरिएइरो या शिखरावरचा वेबकॅम बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा नियम. खाली धुकं असलं तरी वर लख्ख असू शकतं: ढग पायाखाली आणि शिखरं बेटांसारखी वर आलेली. उलटंही होतं.

राहायचं कुठे?

पहिली खेप असेल तर फुंशाल. खाणं, बस, बाजार सगळं हाताशी. ऊन हवं असेल तर नैर्ऋत्येला कालेता, शांतता हवी असेल तर उत्तरेला साओ व्हिसेन्ते, पण या दोन्हींना गाडी हवीच.

घर भाड्याने घेताना नकाशावर "केंद्रापासून ८०० मीटर" असं दिसलं की हुरळून जाऊ नका. ते ८०० मीटर उभे असतात. आम्ही असंच एक घर घेतलं होतं, गच्चीवरून सगळं बंदर दिसायचं आणि दूध आणायला १४० पायऱ्या. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं की आता चहा कोरा. फुंशालसह बऱ्याच नगरपालिका पर्यटन कर घेतात, माणशी रात्रीला २ युरो.

गाडी भाड्याने घ्यावी का?

हो, पण सगळे दिवस नको. फुंशालमध्ये पिवळ्या बस आणि टॅक्सी पुरतात. उरलेल्या बेटासाठी तीन-चार दिवस गाडी घ्या. भारतीय परवाना असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे.

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात छोट्या इंजिनाची गाडी घेऊ नका. चार माणसं आणि बॅगा घेऊन ती चढावर अक्षरशः धापा टाकते. आमची एका अरुंद गल्लीत मधेच थांबली. मागे टॅक्सी, पुढे भिंत, आणि नवरा हँडब्रेकला लटकलेला. टॅक्सीवाला उतरला, हसला, स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि गाडी वर काढून दिली. हिल-असिस्ट (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) किंवा ऑटोमॅटिक मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

मोठे रस्ते उत्तम आहेत. डोंगर पोखरून बोगद्यांचं जाळं केलंय. दक्षिणेकडून साओ व्हिसेन्तेला जाताना तीनेक किलोमीटरचा बोगदा लागतो. आत शिरताना ऊन आणि बाहेर पडताना वायपर, हे नेहमीचंच. पण एकदा तरी बोगदा सोडून वरून, एन्कुमिआदा खिंडीतून जा. तिथे उभं राहिलं की हवा बरी असेल तर दोन्हीकडचा समुद्र दिसतो.

लेव्हाडा लेव्हाडा म्हणतात ते काय?

पाट. दुसरा शब्दच नाही.

माझी आई गुहागरकडची. पहिल्याच लेव्हाडाच्या काठावर ती खाली वाकली, पाण्यात बोटं बुडवली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या आगरातला पाट!" आणि खरंच तसंच. उत्तरेला पाणी उदंड आणि शेतं दक्षिणेला, म्हणून पंधराव्या शतकात वसाहत झाल्यापासून लोक डोंगराच्या कडेने पाणी वळवत आले. सुरुवात उसासाठी झाली. तेव्हा मदेइराची साखर युरोपभर जायची. या उसासाठी आणि पाटांसाठी राबणाऱ्यांत आफ्रिकेतून आणि कॅनरी बेटांतून आणलेले गुलामही होते. कड्याला दोराने टांगून घेऊन माणसांनी हे खडक फोडले आहेत. पाटाच्या कडेने चालताना खाली डोकावलं की ते काय असेल याची कल्पना येते.

आज दोन हजार किलोमीटरहून जास्त पाट आहेत आणि बरेच चालू आहेत. पाणी पाळीने सुटतं, आणि ते सोडायला, पाट साफ ठेवायला लेव्हाडेइरो नावाचा माणूस असतो. म्हणजे आपला पाटकरी. खांद्यावर फावडं टाकून जाणारा एक भेटला तेव्हा आई त्याच्याशी मराठीत बोलली आणि तो तिच्याशी पोर्तुगीजमध्ये. दोघांचं बरं जमलं.

चालणाऱ्यासाठी सुख असं की पाणी हळूहळू उतरतं, त्यामुळे पाटाची वाट जवळजवळ सपाट असते. एवढ्या उभ्या बेटावर सपाट चालायची हीच एक जागा. वाट अरुंद असते, काही ठिकाणी जेमतेम पाऊलभर, आणि बाहेरच्या बाजूला दरी. भोवळ येणाऱ्यांनी वाट निवडूनच घ्यावी.

मग कुठल्या वाटा घ्याव्यात?

वाटांना पीआर असे क्रमांक आहेत. या सरकारी वाटांना बाहेरच्या पर्यटकांकडून शुल्क घेतात आणि नोंदणी ऑनलाइन करावी लागते. दरडी कोसळतात, वणवे लागतात, वाटा बंद होतात. आदल्या दिवशी स्थिती बघायचीच.

पीआर ९, काल्देइराओ व्हेर्दे, ही माझी सगळ्यात आवडती. केइमादासपासून एका बाजूने साडेसहा किलोमीटर. मध्ये हाताने खोदलेले बोगदे आहेत, आत काळोख आणि डोकं आपटेल इतकं छत. फोनचा दिवा चालतो, पण कपाळावरची बॅटरी असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. शेवटी सुमारे शंभर मीटरचा धबधबा हिरव्या डोहात पडतो. हे सगळं रान म्हणजे लॉरिसिल्वा, तमालपत्राच्या कुळातल्या झाडांचं प्राचीन जंगल, १९९९ पासून जागतिक वारसा. एकेकाळी असं जंगल दक्षिण युरोपभर होतं, आता ते मुख्यतः अशा बेटांवरच उरलंय.

पीआर १ ही अरिएइरो ते रुइव्हो अशी शिखरांची वाट, एका बाजूने सातेक किलोमीटर, पायऱ्या, बोगदे, कडे. हरिश्चंद्रगड किंवा राजगडाची सवय असेल तर जमेल, पण हलक्यात घेऊ नका. ऑगस्ट २०२४ च्या वणव्यानंतर ती बराच काळ बंद राहिली, तेव्हा आधी चौकशी करा. नाही जमली तर अरिएइरोपर्यंत गाडी जाते आणि सूर्योदय तिथूनही दिसतो. जाकीट न्या, ऑगस्ट असला तरी.

पीआर ८ म्हणजे पोंता दे साओ लोरेन्सो, पूर्वेचं टोक. झाड नावाला नाही, तांबडे-पिवळे कातळ आणि दोन्हीकडे समुद्र. सकाळी लवकर जा, सावली मिळणार नाही.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. न्यावं का?

न्या. आम्ही नेलं. पीआर ११, म्हणजे रिबेइरो फ्रिओहून बाल्कोइंश, फक्त दीड किलोमीटर आणि सपाट. टोकाला कठड्यापाशी उभं राहिलं की समोर सगळी मोठी शिखरं. तिथले फिंच पक्षी इतके धीट आहेत की बाबांच्या हातावर येऊन बसले, आणि मग बाबा पाऊण तास हलले नाहीत.

फानालला गाडी अगदी जवळ जाते. धुक्यात उभी शेकडो वर्षांची वाकडीतिकडी झाडं. हे एकच ठिकाण जिथे धुकं असलं तर जायचं. काबो जिराओला ५८० मीटरच्या कड्यावर काचेची गॅलरी आहे. आईने त्यावर पाऊल टाकायला साफ नकार दिला. कुराल दास फ्रेइरास हे दरीतलं गाव वरून, एइरा दो सेरादो या जागेवरून बघा. १५६६ मध्ये समुद्री चाचे आले तेव्हा फुंशालच्या नन या वाडग्यासारख्या दरीत लपल्या, म्हणून हे नाव, "नन्सचा गोठा".

फुंशालहून केबल कारने मोंतेला चढा. चर्चमध्ये ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटाची, कार्लची, शवपेटी आहे. पदच्युत होऊन इथे आला आणि १९२२ मध्ये इथेच गेला. चर्चच्या पायऱ्यांखाली वेताच्या घसरगाड्या उभ्या असतात. पांढरे कपडे, गवती टोपी घातलेली दोन माणसं ती गाडी डांबरी रस्त्यावरून खाली ढकलतात, आणि ब्रेक म्हणजे त्यांच्या बुटांचे रबरी तळवे. गाडी वाटेतच सोडते, शहरापर्यंत नाही. पुढे उतार आहे किंवा टॅक्सी, गुडघ्यांसाठी टॅक्सी.

समुद्रकिनारा कसा आहे?

गोव्यासारखा नाही. बहुतेक ठिकाणी गोटे. सेइशालला काळी वाळू आहे आणि मागे हिरवे कडे, मला तोच सुंदर वाटतो. कालेताची पिवळी वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे. पोर्तो मोनीझला लाव्हाच्या खडकांत समुद्राचं पाणी साठून तलाव झालेत, पोहायला छान, पाणी गारच. खरी लांब वाळू हवी असेल तर पोर्तो सांतो बेट: नऊ किलोमीटर सोनेरी किनारा, जहाजाने अडीचेक तास. हिवाळ्यात काही आठवडे जहाज दुरुस्तीसाठी बंद असतं.

शाकाहारी माणूस काय खाणार?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर "उपाशी नाही राहणार, पण विचारत राहावं लागेल".

बोलो दो काको शोधा. रताळं घालून मळलेली, तव्यावर भाजलेली जाड भाकरी, मध्ये लसूण-लोणी. गरम असताना दुसरं काही नको. आत सॉसेज घातलेलाही मिळतो, म्हणून साधा मागा. मिल्यो फ्रीतो म्हणजे मक्याचं पीठ शिजवून, थापून, चौकोनी वड्या कापून तळलेलं. दिसायला थेट आपल्या वड्या. तळणीत काय आहे ते मात्र विचारा. टोमॅटो-कांद्याचं सूप घरगुती चवीचं असतं, वर अंडं सोडतात. "सें कार्न, सें पेइश" म्हणजे मांस नको, मासे नको. "सें ओवु" म्हणजे अंडं नको. नुसतं "वेजितारियानु" म्हटलं तर कधीकधी ट्यूना येतो.

मेन्यू वाचायला मराठी माणसाला एक सोय आहे. बटाटा, पाव, कोबी, अननस, काजू हे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेत. बाबा चष्मा लावून मेन्यूवर बोट फिरवायचे आणि "बाताता" सापडला की विजयी मुद्रा करायचे.

मासे खाणाऱ्यांनी एस्पादा खावा. हा काळा, लांब, दातेरी मासा खोल समुद्रातला, दिसायला भयंकर, चवीला नाजूक, आणि तो तळलेल्या केळ्याबरोबर देतात. मला आधी पटलं नव्हतं. आता पटतं.

स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर निम्मी काळजी मिटते. सुपरमार्केटमध्ये डाळी, भाज्या मिळतात, फुंशालमध्ये भारतीय हॉटेलंही आहेत. भारतातून पोहे, भाजणी, मेतकूट खुशाल न्या, पण तूप, पेढे, बर्फी नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

फळं खाच: छोटी गोड केळी, पॅशनफ्रूटचे चार-पाच प्रकार. बाजारात चव बघायला देतात. तोलायच्या आधी भाव विचारा. मी एका ठिकाणी विचारला नाही आणि मूठभर फळांचे चौदा युरो मोजले.

पोंचा प्यावा का?

उसाची दारू, मध, लिंबू. लाकडी रवीने, हो, अगदी आपल्या ताक घुसळायच्या रवीसारख्या दांड्याने, दोन तळहातांत फिरवून समोर करून देतात. सरबतासारखा लागतो, तोच घात. गाडी चालवणाऱ्याने लांबूनच बघावा.

गोव्याशी काही नातं जाणवतं का?

चर्च, अंगणं, लोकांची संथ दुपार, हे वाटतंच. पण मला धरून ठेवलं ते एका पदार्थाने. नाताळात मदेइरात घरोघरी "कार्न दे विन्या द'आल्यूश" करतात: वाइन, व्हिनेगर आणि लसणात मुरवलेलं डुकराचं मांस. हेच नाव गोव्यात येऊन विंदालू झालं. त्यात आलू कधीच नव्हता, होता तो लसूण.

मदेइराच्या वाइनचंही भारताशी नातं आहे. पिंपं जहाजातून उष्ण कटिबंध ओलांडून जायची आणि न खपता परत आलेली वाइन उन्हाने बिघडायच्या ऐवजी सुधारली, असं लक्षात आलं. मग मुद्दाम भारतापर्यंत फिरवून आणलेल्या पिंपांना जास्त भाव मिळू लागला. आता जहाजाऐवजी वखारीच्या माळ्यावर किंवा गरम टाकीत तापवतात. तिच्या प्रकारांत सेर्सियाल कोरडी, म्हणजे गोड नसलेली, आणि माल्व्हासिया गोड. उघडलेली बाटली महिनोन्‌महिने टिकते.

परत येताना काय आणावं?

भरतकाम सुंदर पण महाग. टोपल्या बॅगेत मावत नाहीत. बोलो दे मेल आणा. नावात मध असला तरी खरं तर तो काकवीचा, मसाल्यांचा काळा, जड केक आहे. कोल्हापूरकडच्या माणसाला वास लगेच ओळखू येईल. वर्षभर टिकतो असं म्हणतात, आमच्याकडे आठवडाही टिकला नाही. आणि सुरी लावायची नाही, हातानेच मोडायचा.